इम्प्लांटभोवती रक्त येतंय पण दुखत नाही, अजून दोन बसवू का?

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"मी ५२ वर्षांची. पायोरियामुळे दाढा हलायला लागल्या म्हणून एकेक करत तीन काढाव्या लागल्या. उजवीकडे खाली चार वर्षांपूर्वी एक इम्प्लांट बसवला (जबड्याच्या हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू, वर कॅप म्हणजे कृत्रिम दात), डावीकडच्या शेवटच्या दोन जागा रिकाम्याच आहेत. आता दोन महिने झाले, ब्रश करताना त्या इम्प्लांटभोवती रक्त येतंय. दुखत नाही, हलत नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतलं तेव्हा आठ दिवस थांबलं, परत सुरू. तपासा म्हटलं तर डॉक्टर म्हणाले इम्प्लांटच्या बाजूला टोचायचं नसतं, आणि डावीकडे अजून दोन बसवून घ्या. शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ७.८. मागच्या एका दाताभोवतीचं हाड ४० टक्के गेलंय असं एक्सरे बघून सांगितलं. जाऊबाई म्हणतात टायटॅनियमला कधी कीड लागते का, बिनधास्त कर. माझा धोका नक्की किती ते मात्र कुणीच सांगत नाही. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, कारण तुम्ही तेवढ्यासाठीच लिहिलंय. नवीन दोन इम्प्लांट आत्ता नकोत. कधीच नकोत असं म्हणत नाहीये, पण आहे त्या इम्प्लांटभोवती काय चाललंय ते कळेपर्यंत आणि बाकीच्या हिरड्या ताळ्यावर येईपर्यंत अजिबात नकोत. आणि हे रक्त अंगावर काढू नका. दुखत नाही म्हणून तुम्ही दोन महिने थांबलात, बहुतेक लोक असंच थांबतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. टायटॅनियमला कीड लागत नाहीच. स्वीडनमध्ये ब्रेनेमार्क या शास्त्रज्ञाने १९६५ साली पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, तो माणूस २००६ मध्ये गेला तेव्हाही ते इम्प्लांट त्याच्या तोंडात काम करत होते, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर. तेव्हा वस्तू टिकाऊ आहे यात वादच नाही. पण आजार स्क्रूला होतच नाही, तो होतो स्क्रूच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला, आणि ती हिरडी नि ते हाड तुमचंच आहे, ज्यांनी आधी तीन दाढा सोडल्या तेच.

दुखत का नाही तेही समजून घ्या. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं एक आवरण असतं, ते तंतू एका बाजूने मुळात आणि दुसऱ्या बाजूने हाडात रुतलेले असतात, दात थोडा दाबला गेला की आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळेच. इम्प्लांटला हे आवरण नसतं, तो थेट हाडाला चिकटतो. वरच्या हिरडीतले तंतू पण त्याच्यात रुतत नाहीत, त्याच्याभोवती कॉलरसारखे नुसते वेढून असतात, त्यामुळे जंतू एकदा त्या कॉलरच्या आत उतरले की त्यांना अडवायला फारसं काही नसतं. हलण्याचंही तसंच. दात हाड जाईल तसा हळूहळू हलायला लागतो आणि आपण सावध होतो, इम्प्लांट मात्र खाली थोडंसं जरी हाड शिल्लक असेल तरी दगडासारखा घट्ट राहतो आणि हलायला लागतो तेव्हा वाचवण्यासारखं बहुतेक वेळा काही उरलेलं नसतं. म्हणून दुखत नाही, हलत नाही हे तुमचे दोन्ही दिलासे मी धरत नाही. इम्प्लांट आधी बोलतो तो रक्तानेच.

आता तुमच्या इम्प्लांटला दोनपैकी काहीतरी एक झालेलं असू शकतं. एक म्हणजे नुसती हिरडी सुजलीय, रक्त येतंय, पण हाड जागच्या जागी आहे, याला पेरीइम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि हे नीट सफाई केली की परत फिरू शकतं, वेळ लागतो, कधी तीन आठवड्यांपेक्षा बराच जास्त, पण फिरतं. दुसरं म्हणजे सूज आहे आणि हाडही खाली सरकायला लागलंय, तो पेरीइम्प्लांटायटिस, आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. शिवाय तो एका चालीने वाढत नाही, सुरुवातीला हळू आणि पुढे पुढे वेग घेतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुम्हाला आरशात कळणार नाही आणि मला पत्रावरून कळणार नाही, त्यासाठी तपासणी आणि एक्सरे दोन्ही लागतात.

म्हणून ते "टोचायचं नसतं" हे मला फार खटकलं. हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या आजारांच्या व्याख्या ठरवल्या, त्यात इम्प्लांटभोवती प्रोबने, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळीने, तपासणं आवश्यकच धरलंय. हलक्या हाताने, साधारण २५ ग्रॅम वजनाइतका दाब. प्रोब घातल्याने हिरडीची पकड किंचित सुटली तरी पाचेक दिवसांत ती परत बसते, इम्प्लांटचं काही बिघडत नाही. हां, एक आहे, प्रोब लागून एखादा बारीक लाल ठिपका आला तर लगेच घाबरायचं नाही, तो नुसत्या टोचण्याचा असू शकतो. पण कडेने रक्ताची रेघ आली किंवा थेंब साचला तर ती सूज, आणि पस आला तर अजिबात वेळ घालवायचा नाही.

प्रोबइतकाच महत्त्वाचा तुमचा जुना एक्सरे. इम्प्लांट बसवल्यावर पहिल्या वर्षात हाड थोडंसं बसतंच, ते नॉर्मल असतं, त्यामुळे आज हाड कुठे आहे एवढं बघून भागत नाही, कॅप लावली तेव्हा कुठे होतं आणि आज कुठे आहे हा फरक बघायचा असतो. जुना एक्सरे मिळालाच नाही तर त्याच २०१७ च्या व्याख्येत सोय आहे: रक्त किंवा पस, प्रोब ६ मिलिमीटर किंवा जास्त खोल जाणं, आणि इम्प्लांटचा जो भाग हाडात असतो त्याच्या वरच्या टोकापासून हाड ३ मिलिमीटर किंवा जास्त खाली असणं, हे तिन्ही असेल तर पेरीइम्प्लांटायटिस धरून चालायचं. पण ती नाइलाजाची मोजणी आहे, तोपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं. जुना एक्सरे असेल तर अर्धा मिलिमीटर सरकलेलं पण दिसू शकतं.

आता तुमचा खरा प्रश्न, धोका किती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं, कारण तो काढायची एक पद्धत आहे. २०२० मध्ये लिसा हाइट्झ-मेफील्ड, फ्रिट्झ हाइट्झ आणि निकलाउस लँग यांनी ती मांडली. जाळ्यासारखी एक अष्टकोनी आकृती असते, आठ कोपरे म्हणजे आठ गोष्टी, प्रत्येकीवर पेशंटचा ठिपका ठेवायचा, मधोमध असेल तर बरं, बाहेरच्या कडेकडे गेला तर धोका जास्त, मग ठिपके जोडायचे आणि जो आकार होतो तो जितका फुगलेला तितकी काळजी. यातून तुमचा इम्प्लांट अमुक टक्के जाणार असा आकडा निघत नाही, तसा आकडा कुणी छातीठोकपणे दिला तर विश्वास ठेवू नका. कमी, मध्यम की जास्त एवढं कळतं. आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे कुठला कोपरा बाहेर गेलाय आणि तो आत ओढता येतो का ते कळतं.

तुमचे कोपरे बघू. पहिला, आधी पायोरिया झाला होता का. झाला होता, दाढा गेल्या त्यात. हा ठिपका बाहेरच राहणार, आयुष्यभर, कारण ज्याच्या शरीराने एकदा हिरडीच्या जंतूंना असं उत्तर दिलं त्याचं शरीर इम्प्लांटभोवतीही तसंच उत्तर देण्याची शक्यता जास्त असते. हे ऐकून दोष वाटून घेऊ नका, यात बराच भाग आपल्या घडणीचा असतो. दुसरा, हाड किती गेलं भागिले वय. सगळ्यात खराब मागच्या दाताभोवती ४० टक्के हाड गेलंय, वय ५२, म्हणजे ४० भागिले ५२, साधारण ०.७७. पाव म्हणजे ०.२५ च्या खाली असेल तर हाड हळू जातंय, १ च्या वर गेलं तर फार वेगाने, तुम्ही मधे आहात पण वरच्या अंगाला. वयाने भागायचं कारण सोपं आहे, तेवढंच हाड ऐंशीव्या वर्षी गेलेलं असेल तर चिंता कमी आणि तिशीत गेलेलं असेल तर फार जास्त.

तिसरा कोपरा पायोरियाची स्टेज आणि ग्रेड, म्हणजे किती पसरला आणि पुढे किती वेगाने जाईल. इथे तुमची शुगर येते. एचबीए१सी ७ किंवा वर असेल तर ग्रेड सगळ्यात वरच्या पायरीला नेतात, सिगारेट ओढणाऱ्यांचं दिवसाला दहा किंवा जास्त झाल्या की तसंच. शुगरमुळे किंवा सिगारेटमुळे इम्प्लांटचा आजार होतोच असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा २०१७ च्या त्या बैठकीला सापडला नव्हता, ठाम पुरावा तीनच गोष्टींचा होता, आधीचा पायोरिया, नीट न होणारी सफाई आणि नियमित तपासणीला न जाणं. म्हणून शुगर आहे म्हणजे इम्प्लांट जाणारच असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. पण हिरड्यांवर तिचा परिणाम पक्का आहे आणि ७.८ तुमच्या बाजूने नाही, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना हे रक्ताचं सांगा, त्यांना दातांचं काय सांगायचं असं करू नका.

चौथा आणि पाचवा कोपरा तुमच्याकडे कोराच आहे, कारण मोजलंच नाहीये. तोंडातल्या किती टक्के जागांवर प्रोब केल्यावर रक्त येतं, आणि ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल अशा किती जागा आहेत. एका दाताभोवती सहा जागा मोजतात, पंचवीस दात असतील तर दीडशे जागा, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे आणि त्याचा कागद तुम्हाला मिळायला हवा. तुमच्या शिल्लक दातांभोवती अशा खोल जागा असतील तर त्या जंतूंच्या टाक्या आहेत असं समजा, नवीन इम्प्लांट बसवला की काही आठवड्यांतच तिथले जंतू इकडे राहायला येतात. डावीकडे घाई नको म्हणते ती मुख्य याच्यासाठी, जमीन न भाजता पेरणी केल्यासारखं आहे ते, तण आधीच रानात आहे.

सहावा, तपासणी आणि सफाईला तुम्ही किती वेळा जाता. पत्रात याबद्दल एक ओळही नाही, त्यावरून मी धरून चालते की इम्प्लांट बसवल्यावर कुणी बोलावलं नाही आणि तुम्हीही गेला नाहीत. ताई, सगळ्या आठांत हा कोपरा पूर्णपणे आपल्या हातातला आणि फरकही मोठा पडतो. ब्राझीलमधला २०१२ चा एक अभ्यास मी प्रत्येक पेशंटला सांगते. इम्प्लांटभोवती नुसती सूज असलेली ८० माणसं, म्हणजे कदाचित आज तुम्ही आहात त्याच टप्प्यावरची, पाच वर्षांनी परत तपासली. जी नियमित सफाईला येत होती त्यांच्यात १८ टक्क्यांना हाडाचा आजार झाला, जी येत नव्हती त्यांच्यात जवळजवळ ४४ टक्क्यांना. म्हणजे गेलं तरी धोका शून्य होत नाही, ते १८ टक्के आहेतच, पण नाही गेलं तर तो दुपटीच्या वर जातो. तुमच्यासारख्या इतिहासाच्या माणसाने मी तर दर तीन ते चार महिन्यांनी जा म्हणेन, वर्षातून एकदा जाऊन भागणार नाही.

शेवटचे दोन कोपरे कॅपचे, आणि यावर थोडं जास्त बोलते कारण पेशंटला हे कुणी सांगतच नाही आणि बऱ्याचदा गडबड इथेच असते. कॅपची कड हाडाच्या किती जवळ आहे हा एक कोपरा, फार जवळ, खोल हिरडीत गेलेली असेल तर वाईट. दुसरा, कॅप नीट बसलीय का आणि तिच्याखाली सफाई करता येते का. दाढेची कॅप रुंद असते आणि इम्प्लांट तिच्या मानाने बारीक, त्यामुळे हिरडीतून वर येताना ती एकदम फुगवून केली तर खाली छत्रीसारखी वळचण तयार होते, ब्रश वरून फिरतो आणि वळचणीत काहीच पोचत नाही. इम्प्लांटच्या रेषेपासून कॅप ३० अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेली आणि वर गोलाई फुगीर असेल तर आजार जास्त आढळतो असं एक्सरेंच्या अभ्यासात दिसलंय. तुमची कॅप सिमेंटने चिकटवलीय की स्क्रूने बसवलीय हेही विचारा. सिमेंटची असेल तर बसवताना बाहेर आलेलं सिमेंट हिरडीखाली राहून जाऊ शकतं, तो खरखरीत कण म्हणजे जंतूंना बसायला आयती जागा, आणि कधी कधी सूज दिसते ती बसवल्यावर काही वर्षांनी. तो कण काढला की बऱ्याच जणांची सूज उतरते, एवढं साधं कारण असू शकतं. स्क्रूची असेल तर कॅप काढून सगळं स्वच्छ करून, लागलं तर तिचा आकार बदलून परत लावता येते.

तुम्ही स्वतः आज एक करून बघा. पातळ इंटरडेंटल ब्रश, तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला, इम्प्लांटच्या कॅपच्या दोन्ही बाजूंनी हिरडीलगत जातो का? जोर न लावता. जात नसेल, किंवा फ्लॉस अडकून फाटत असेल, तर ही कॅपची अडचण आहे, तुमच्या आळसाची नाही, आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

तर तुमचा आकार मी मनात काढला तेव्हा तीन कोपरे बाहेरच्या बाजूला आहेत, दोन कोरे आहेत, तीन बहुतेक बाहेरच आहेत पण ओढता येण्यासारखे. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजच्या घडीला जास्त धोका. घाबरवायला नाही सांगत, यातला एकच कोपरा दगडावरची रेघ आहे, गेलेलं हाडही परत येत नाही पण तिथेच थांबवता येतं, बाकी सगळे हलतात. आणि तुम्ही एकट्या नाही आहात, स्वीडनमध्ये ५८८ लोकांना इम्प्लांट बसवून साधारण नऊ वर्षांनी तपासलं तेव्हा १४.५ टक्क्यांना मध्यम किंवा गंभीर पेरीइम्प्लांटायटिस होता, म्हणजे दर सात जणांत एकाला.

आता क्रम. हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे जा, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, इम्प्लांट बसवणाऱ्यांना राग येईल म्हणून अडू नका, दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. पूर्ण तोंडाचं चार्टिंग, म्हणजे प्रोबच्या सगळ्या मापांची नोंद, करून घ्या, इम्प्लांट धरून. इम्प्लांटचा नवा एक्सरे, सरळ कोनातून काढलेला, मोठ्या पूर्ण जबड्याच्या एक्सरेवर हाडाची बारीक रेघ तितकी नीट दिसत नाही. मग सगळ्या हिरड्यांची खोल सफाई आणि इम्प्लांटची त्याच्या पद्धतीने सफाई, त्यानंतर साधारण दीड ते तीन महिन्यांनी परत मोजमाप. तेव्हा खोल जागा आटल्या, रक्त थांबलं, शुगर उतरली तर डावीकडचा विषय काढायचा. नाही थांबलं आणि हाड गेलेलं असेल तर कदाचित हिरडी उघडून साफ करावी लागेल, तेव्हाचं तेव्हा बघू पण त्यालाही ना म्हणू नका.

अँटिबायोटिक परत स्वतःच्या मनाने घेऊ नका. आठ दिवस रक्त थांबलं कारण जंतू दबले, पण वळचणीतला थर तिथेच होता, तो हाताने काढल्याशिवाय जात नाही. नुसत्या गुळण्यांचंही तेच.

आणि डावीकडे दोन हवेतच का हेही डॉक्टरांना विचारा. शेवटची दाढ नसली तरी बऱ्याच लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं, वरच्या दाताला खाली टेकायला काही आहे का त्यावर ते ठरतं. कदाचित एकानेच भागेल, आणि एक कमी म्हणजे सांभाळायला एक कमी. दोन बसवायचे ठरलेच तर बसवायच्या आधी, नंतर नाही, तीन गोष्टी ठरवून घ्या: कॅप शक्यतो स्क्रूची असेल, खालून ब्रश जाईल इतकी जागा ठेवली जाईल, आणि कॅप लावतील त्याच दिवशी एक्सरे काढून प्रोबची मापं लिहून त्याची कॉपी तुमच्या हातात दिली जाईल. इम्प्लांटचं नाव आणि साइज लिहिलेलं कार्डही मागा, दहा वर्षांनी डॉक्टर बदलले तर त्या स्क्रूला कुठला पाना लागतो ते शोधत बसावं लागत नाही.

अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागेल, पण एक काम उद्याच होण्यासारखं आहे. चार वर्षांपूर्वी जिथे इम्प्लांट बसवला तिथे फोन करा आणि एवढंच विचारा, कॅप बसवली त्या दिवशीचा एक्सरे तुमच्याकडे आहे का, मला फोनवर पाठवाल का. मिळाला तर जपून ठेवा, स्पेशालिस्टला दाखवा, आणि चार्टिंगचे आकडे आले की मला परत लिहा, ते कोरे दोन कोपरे आपण भरू.